हाई कोनं घर शे?

आमच्या घरी रोज रात्री साडेनऊला कोरियाचा राजा जेवायला बसतो. म्हणजे नातीचा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकून उभा राहतो आणि त्याच्या आत राजा मांडी घालून बसतो. समोर वाट्यावाट्यांची रांग, भातुकली मांडावी तशी. एक बाई पुढे होऊन प्रत्येक वाटीतला घास आधी स्वतः चाखते, विषबीष नाही याची खात्री करते आणि मगच राजा चमचा उचलतो. मंत्र्यांच्या काळ्या टोप्यांना दोन्ही बाजूंनी डाव खोवल्यासारखे पंख असतात. ते एकमेकांच्या कानाशी लागून कारस्थान रचू लागले की आता हे डाव एकमेकांत अडकणार, या धास्तीनं माझं कटाकडे लक्षच राहत नाही. माझी आई, वय वर्षं शहाऐंशी, मूळची अमळनेरकडची, ही या राजाची एकनिष्ठ प्रजा. तिला कोरियन येत नाही आणि खाली धावणारी हिंदी अक्षरं दिसत नाहीत. पण मुदपाकखान्यातली ती गोरीपान पोर कुणाच्या हाताखाली छळ सोसते आहे, हे तिनं पहिल्याच रात्री ओळखलं. सासू ओळखायला भाषा लागत नाही.

ही मालिका तशी जुनी. कोरियात ती २००३ साली आली, चोपन्न भागांची. नाव ‘दे जांग गुम’. २००६ साली आपल्या दूरदर्शनवर ती ‘घर का चिराग’ नावानं दाखवली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत ती पाहिली होती. आता नातीला वाटतं की त्या पोरीचा, म्हणजे जांग-गुमचा, शोध तिनंच लावला. घरातल्या तीन पिढ्या त्या तांब्याभोवती गोळा होतात आणि चौथा मी जरा मागे, खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन. कारण मी इतिहासाचा मास्तर. सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग गेला, घंटा गेली, लाल पेन्सिल तेवढी हातात राहिली. पायातला काटा निघाल्यावरही माणूस काही दिवस लंगडत चालतो, तसं काहीसं.

या वहीची हकिगत सांगायला हवी. ती मुळात शाळेचा उरलेला हजेरीपट. मुलांच्या नावांच्या रकान्यात आता ऐतिहासिक मालिकांमधल्या चुकांची नावं आहेत आणि हजर-गैरहजरच्या चौकटीत तारखा. मराठीत अशा मालिकांचं पीक चांगलं येतं. ‘राजा शिवछत्रपती’ झाली, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ झाली, मागे दूरदर्शनच्या काळात ‘स्वामी’ झाली. आम्ही सगळ्या पाहिल्या आणि सगळ्यांवर रडलो. पण रडतानाही माझी पेन्सिल चालूच असे. कुठली चूक कुठल्या मालिकेतली ते सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. एका राणीसाहेबांच्या दंडावर देवी टोचल्याचा गोल वण होता. पहाऱ्यावरच्या एका मावळ्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे ठसे होते. बिचाऱ्यानं ‘ॲक्शन’ ऐकल्यावर घाईनं तो अंगरख्यात दडवला असणार, म्हणजे गनीम कुठून येतो आहे हे त्याला दिसतही नसेल. एका एकादशीला साबुदाण्याची खिचडी आली. तेव्हा मी टीव्हीपुढे उभा राहून घराला ऐकवलं की साबुदाणा हा टॅपिओकाचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा, आणि सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतर. आई म्हणाली, मग ती बाई काय उपाशी राहीन का? या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. टीव्हीपुढे उभं राहिल्यामुळे तहाचा प्रसंग मात्र सगळ्यांचा बुडाला.

कोरियाचा राजाही माझ्या पेन्सिलीतून सुटला नाही. नातीला सांगितलं की जांग-गुमच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, कोरियात मिरची पोचलेलीच नव्हती. ती आपल्याकडे जशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली तशीच फिरत फिरत तिकडे शतकाच्या शेवटाला गेली. तेव्हा त्या काळच्या किमचीचा लाल रंग दिसला की समजायचं, हे पात्र आजच्या हॉटेलातून आलं आहे. नातीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझ्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखं झालं. मग तिनंच मला एक गोष्ट सांगितली. तिथे लोक आपल्यापेक्षाही हळवे आहेत म्हणे. २०२१ साली ‘जोसन एक्झॉर्सिस्ट’ नावाची मालिका दोन भागांनंतर बंद करावी लागली, कारण जोसन काळातल्या पंगतीत चिनी पद्धतीचे पदार्थ मांडले होते. एका ताटानं मालिका गेली. मला त्या प्रेक्षकांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. कुठेतरी दूर सेऊलमध्ये खुर्चीवर मांडीवर वही घेऊन बसलेला एक निवृत्त मास्तर मला स्पष्ट दिसला.

आणि त्या लोकांना हळवं होण्याचा हक्कही आहे. जोसन घराण्याचे दरबारी बखरकार रोजच्या रोज लिहीत. १३९२ पासून १८६३ पर्यंत, पंचवीस राजे, ४७२ वर्षं. आपल्याबद्दल काय लिहून ठेवलं आहे हे राजाला बघायची मुभा नाही. १४०४ साली ताइजोंग राजा शिकारीत हरणाच्या मागे दौडताना घोड्यावरून पडला. उठता उठता त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि सांगितलं, बखरकाराला कळू देऊ नका. बखरकारानं लिहिलं की राजा घोड्यावरून पडला, आणि पुढे हेही लिहिलं की बखरकाराला कळू देऊ नका असं म्हणाला. सहाशे वर्षं तो राजा तिथेच धूळ झटकत उभा आहे. आमचा सभासद असा नव्हता. त्यानं बखर लिहिली १६९७ साली, जिंजीला, शिवाजी महाराजांना जाऊन सतरा वर्षं झाल्यावर, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. गेलेल्या माणसाबद्दल घरातलं ज्येष्ठ माणूस ओसरीवर बसून सांगतं, त्या सुरातली ती बखर आहे. आकडे थोडे इकडेतिकडे, माया मात्र पुरेपूर. महाराज घोड्यावरून पडले असते तर सभासदानं बहुधा घोड्यालाच दोष दिला असता, आणि खरं सांगतो, मीही तेच केलं असतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मी इतिहास शिकवायचो सुरतेत, आणि मराठीत. यातली गंमत लक्षात यायला मला स्वतःला काही वर्षं लागली. दरवर्षी शिवाजी महाराजांचा धडा यायचा, त्यात सुरत यायची, आणि वर्गातली चाळीस मुलं एकदम ताठ बसायची, कारण पुस्तकात आपल्या गावाचं नाव आलं की मूल ताठ बसतंच. १९८९ की नव्वदची गोष्ट असेल. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बाप लूमच्या खात्यात रात्रपाळीला, घर उधन्याला, आजोळ नंदुरबारकडे. त्यानं विचारलं, "सर, आपण लुटणाऱ्यांतले का लुटलेल्यांतले?" वर्ग हसला नाही. सगळ्यांनाच हे विचारायचं होतं असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. मी फळा पुसला. मास्तरांना उत्तर येत नसलं की फळा फार खराब झालेला असतो.

त्या मुलाचं घर उधन्याला, हे मुद्दाम सांगितलं. मंगळवार, ५ जानेवारी १६६४ या दिवशी सुरतेत बातमी आली की मराठ्यांची फौज गणदेवीला पोचली आहे; मग बातमी आली की उधन्याला आली, म्हणजे शहरापासून पाच मैलांवर. दुसऱ्या दिवशी महाराजांचा तंबू शहराच्या पूर्वेला, बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पाव मैलावर एका बागेत लागला. आज उधन्याला उतरलात तर रेल्वेस्टेशनाबाहेर तुम्हाला मराठी ऐकू येईल, अहिराणी तर नक्कीच. लिंबायत, डिंडोली, सगळीकडे खानदेश पसरला आहे. तीनशे साठ वर्षांपूर्वीचा मुक्काम उठलाच नाही की काय असं वाटावं. फरक इतकाच की तेव्हाचे चार दिवसांत निघून गेले आणि आम्ही ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं बिछाना, पिंप, देव्हारा घेऊन आलो, भाड्याची खोली केली आणि राहिलो. त्या दरवाजाचं नावच बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावरून पडलेलं. खानदेशाकडचा रस्ता शेवटी तिथेच येऊन टेकायचा. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचं भूगोलाच्या अंगानं उत्तर असं की आपण दरवाजातच उभे आहोत.

बरोबर त्याच दरवाजाची एक रात्र आमच्या घरात घडली. पंधरा-सोळा वर्षं झाली. मालिकेत सुरतेचा भाग येणार म्हणून सोसायटीतली मराठी बिऱ्हाडं आमच्याकडे जमली होती, आणि शेजारच्या मासीही आल्या. मासी मूळच्या सुरती, त्यांच्या सासरचा वाडा गोपीपुऱ्यात. त्यांना सगळे मासी म्हणतात. आई सुरतेला नवी आली तेव्हा ते तिला ‘माशी’ असं ऐकू आलं आणि सहा महिने ती त्यांच्याशी जरा अवघडूनच बोलत होती. मासी दारातूनच म्हणाल्या, "अवे तमारा महाराज आव्या, तिजोरी संताडो!" आता तुमचे महाराज आले, तिजोरी लपवा. सगळे हसले, त्यांना चांगली जागा करून दिली, गादीवर, पंख्याखाली. म्हटलं तर पाहुणचार, म्हटलं तर थोडासा अपराधीपणा.

मालिका सुरू झाली आणि माझी पेन्सिल सुटली. पडद्यावर सुरतेला दौलताबादला शोभेलसा काळा दगडी तट होता. मी म्हणालो, चूक. १६६४ साली शहराला धड तटच नव्हता, विटांचा पक्का कोट नंतर बांधला, या स्वारीनं शहाणपण आल्यावर. मग शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. हे बरोबर, तो बसला होता. मग एक गुबगुबीत व्यापारी हवेलीत लोडाला टेकून पेल्यातून काहीतरी वाफाळतं पिऊ लागला आणि हुजऱ्या धावत येऊन ‘शेठ, मराठे आले’ म्हणाला तेव्हा त्याच्या हातून पेला पडून चहा सांडला. मी जवळजवळ ओरडलोच. सतराव्या शतकात चहा! इंग्रजांनी आसामात मळे लावले ते एकोणिसाव्या शतकात! वहीत मी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. कुणीतरी मला बसायला सांगितलं.

पुढे मशाली आल्या. ढोल, तुताऱ्या, हर हर महादेव, धावणारे घोडे. घोडे सहाच होते, पण जीव तोडून धावत होते. एक पांढऱ्या पायाचा तर पाच वेळा शहरात शिरला आणि एकदाही बाहेर पडलेला दिसला नाही. आमच्या खोलीत उत्साह होता, तरुण पोरं घोषणा देत होती, मासींच्या सुनेचा छोटाही त्यांच्या बरोबरीनं ओरडत होता कारण त्याला घोडे आवडत. मग पडद्यावर एक घर पेटलं. कॅमेरा त्या घरावर थोडा जास्तच थांबला. अंगणात तुळशीसारखं काहीतरी, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, आणि छपरातून ज्वाळा. आईनं विचारलं, "हाई कोनं घर शे?"

कुणी उत्तर दिलं नाही. गोष्टीत ते घर कुणाचंच नव्हतं, ते नुसतं जळण्यासाठी बांधलेलं घर होतं. आईनं पुन्हा विचारलं, कारण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. घर दिसलं की त्यात राहतं कोण हे विचारायचं, ही तिची सवय. तेव्हा मासी टीव्हीवरची नजर न काढता सहज म्हणाल्या, "ए अमारूं." ते आमचं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. लग्नाच्या जुन्या फोटोत एखादा चेहरा ओळखावा तसं त्या म्हणाल्या. आईनं मान डोलावली आणि त्यांचा हात हातात घेतला. तुताऱ्या चालूच होत्या.

त्या रात्रीनंतर मी पुस्तकं काढून बसलो. लूट म्हणावं, स्वारी म्हणावं की खंडणी, यावर वर्तमानपत्रांत अधूनमधून शाई सांडते. तो वाद ज्यांचा त्यांना लखलाभ. शाइस्ताखान पुण्यात तीन वर्षं तळ देऊन बसला होता, मुलूख उजाड झाला होता, स्वराज्याला पैसा हवा होता आणि पैसा सुरतेत होता, हे मी मुलांना शिकवलं आणि आजही शिकवीन. मला शोध होता आईच्या प्रश्नाचा. सुरतेत तेव्हा लिहिणारे पुष्कळ होते. इंग्रजांची वखार होती, डचांची होती. आणि गंमत अशी की इंग्रज जुनी दिनगणना पाळत, डच नवी; दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. म्हणजे मराठे आले त्या बुधवारी एका वखारीत ६ जानेवारी होती आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या वखारीत १६. आयुष्यभर मी मुलांचे सन चुकले की अर्धा गुण कापत आलो. ज्या गावात एकाच सकाळी दोन तारखा खऱ्या होत्या, त्या गावात बसून.

या लिहिणाऱ्यांनी काय काय लिहिलं आहे! इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन यानं बचावाची तयारी कशी केली, वीरजी व्होरासारख्या कोट्यधीशाची हवेली कशी गेली, कापूचिन पंथाच्या फादर अँब्रोजला कसं सोडलं. डचांच्या एका मरण पावलेल्या हिंदू दलालाचं घर तो दानशूर होता म्हणून राखलं, हे फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो. म्हणजे एक घर कुणाचं ते कळलं, पण ते न जळलेलं. रविवारी १० तारखेला मराठे निघून गेल्यावर इनायतखान किल्ल्याबाहेर आला तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो केली, चिखल फेकला, आणि चिडलेल्या खानाच्या पोरानं एका गरीब हिंदू दुकानदाराला गोळी घालून मारलं. जदुनाथ सरकारांच्या पुस्तकात हा माणूस एका वाक्यात येतो आणि त्याच वाक्यात मरतो. चार दिवसांच्या स्वारीतून वाचलेला माणूस भलत्याच गोष्टीत गेला. कुठल्याही मालिकेत मी त्याला पाहिलेलं नाही.

आणखी एक सापडलं. इंग्रजांच्या वखारीतला पाद्री एस्कॅलियट यानं मायदेशी एक लांबलचक पत्र धाडलं. त्यात महाराजांना पाहून आलेल्यांच्या सांगण्यावरून त्यांचं वर्णन आहे: ठेंगणे, ताठ, बांधेसूद, नजर तीक्ष्ण, आणि बोलताना हसताहेत असं वाटावं असा चेहरा. मी ते पत्र वाचून पेन्सिल खाली ठेवली. इतक्या मालिका पाहिल्या, पण बोलताना हसणारे महाराज कुणी दाखवले नाहीत. शेजारी तुतारी फुंकत असताना हसायचं तरी कसं? आमच्या मालिकांतले महाराज सदैव गडाच्या कड्यावर, वाऱ्यात, भुवया आवळून. आणि ही हसरी मुद्रा लिहून ठेवली कुणी, तर ज्याच्या गावावर ते चालून आले होते त्या गावातल्या परक्या पाद्र्यानं. वण, चष्मा, साबुदाणा हे मी पकडत बसलो होतो आणि ही चूक वहीत कधी आलीच नव्हती.

त्याच शोधात माझी फजिती झाली ती चहापायी. मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन १६३८ साली सुरतेत इंग्रजांकडे उतरला होता. तो लिहितो की रोजच्या बैठकीत चहाच चालायचा. १६८९ साली आलेला पाद्री ओव्हिंग्टन तर सांगतो की इथले वाणी लोक चहा पितात, पाण्यात गरम मसाला घालून उकळतात, खडीसाखर घालतात, कुणी मुरवलेलं लिंबूही घालतात, आणि डोकेदुखीवर तो गुणकारी समजतात. आसामच्या मळ्यांशी त्याचा संबंध नव्हता, तो चीनकडून जहाजांनी येई. रायगडावर चहा दाखवला तर चूक; सुरतेच्या शेठजीच्या हातून चहा सांडला तर अगदी बरोबर. कदाचित तो मसाल्याचाही असेल. ज्या दिग्दर्शकाला मी भर खोलीत अडाणी ठरवलं, त्यानं हे वाचून केलं होतं की नुसती आपली सवय म्हणून पेला हातात दिला होता, देव जाणे. मी हजेरीपट उघडला, ती दोनदा अधोरेखित केलेली ओळ खोडली आणि पुढच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मग सौभाग्यवतींना चहा टाकायला सांगितला. त्यांनी कारण विचारलं नाही, पण आलं जास्त घातलं.

तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा मला मध्यंतरी रिंगरोडवर भेटला. आता त्याचं वय पंचेचाळिशीच्या पुढे, कापड मार्केटात ग्रेच्या दुकानात कामाला, खांद्यावर ताका टाकून लिफ्टची वाट बघत होता. जुना प्रश्न त्याला आठवत नव्हता. मास्तरांना आठवतात तेच प्रश्न मुलं विसरतात. त्यानं मात्र मला एक बातमी दिली. "सर, त्या मालिकेत राणीसाहेबांच्या अंगावरचा शालू बघितला? ते डिझाईन आपल्याकडचं. शंभर टक्के पॉलिस्टर. आमच्याच मार्केटातून माल जातो." हे तो इतक्या अभिमानानं म्हणाला की मला पॉलिस्टरचा सन सांगायचं धाडस झालं नाही. खानदेशाच्या पोरानं सुरतेत विणलेलं कापड मुंबईच्या स्टुडिओत जातं आणि रायगडावर नेसलं जातं. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले होते. त्यानंतरच्या माल उचलून नेण्याच्या तारखा बहुधा या मुलाच्या चलनबुकात सापडतील.

सुरतही गोष्टी सांगण्यात मागे नाही. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, सगळं शहर गच्च्यांवर आणि नदीकाठी बसून घारी खातं. आणि ही घारी आली कुठून, तर १८५७ मध्ये तात्या टोपेंच्या शिपायांना ताकद यावी म्हणून इथल्या एका हलवायानं केली, असं सांगतात. माझ्यातला मास्तर म्हणतो, याला कागद काय? पण मासी ही गोष्ट दरवर्षी सांगतात, मुद्दाम आईकडे बघून, की बघा, तुमची फौज पुन्हा आली तेव्हा आम्ही तूप लावून ठेवलं होतं. आणि डबा पुढे करतात. डबा स्टीलचा, तीन बोटं उंच, झाकणावर मासींच्या सासऱ्यांचं नाव गुजरातीत ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, खाली लग्नाची तारीख. आमच्या घरी येऊन गेलेल्या ऐतिहासिक साधनांत याच्याइतकं विश्वसनीय दुसरं नाही. रिकामा डबा परत द्यायचा नाही हा आमच्याकडचा नेम. म्हणून त्यातून ज्वारीचे बिबडे जातात, कधी खापरावरचे मांडे. मग बिबड्यांबद्दल त्यांच्याकडून लोचो येतो. हिशेब मिटत नाही म्हणून डबा तीस वर्षं जिना चढतो-उतरतो आहे.

परवा रात्री कोरियाच्या राजानं अंथरूण धरलं. नातीनं मोबाइल तांब्याला जरा सरळ केला. मी तिला हळूच सांगितलं की जांग-गुम खरंच होती, पण वैद्य म्हणून. मुदपाकखान्यातलं सगळं मालिकेनं रचलेलं. जोसन बखरकारांच्या त्या अवाढव्य वृत्तांतात तिचे उल्लेख जेमतेम दहाएक. आईबाप कोण, जन्म कधी, काही नाही. चोपन्न भाग त्या दहा ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत राहतात. १५४४ साली राजा जुंगजोंग आजारी होता आणि मंत्री चौकशीला आले, तेव्हा तो म्हणाला की माझ्या दुखण्याचं त्या वैद्यबाईला ठाऊक आहे. महिन्याभरात तो गेला. त्यानंतर बखरकारांनी तिचं नाव लिहिलेलं नाही.

"मग ती गेली कुठं?" आईनं विचारलं. यावेळी तिनं ते मला नाही, मासींना विचारलं. त्याही हल्ली साडेनऊला येतात. "घेर," मासी म्हणाल्या. घरी. आईला ते पटलं. मी वही आणली नव्हती.

मासी उठल्या तेव्हा अकरा वाजले होते. डबा सध्या आमच्याकडे आहे.